चूक त्याची, जीव आपला

गेल्या जूनमध्ये माझी भाची आठवीत गेली आणि पहिल्याच दिवशी तिनं घरात जाहीर करून टाकलं, "आता मी रिक्षानं जाणार नाही. सायकलनं जाणार!"

ताईचा चेहरा एकदम उतरला. शाळा घरापासून तीन किलोमीटर. वाटेत दोन मोठे चौक, एक पेट्रोल पंप आणि सकाळी सकाळी टेम्पोंनी भरलेली भाजी मंडई. आमचं पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. आमच्या आईच्या पिढीतल्या मुली चार-चारच्या घोळक्यानं गप्पा मारत सायकलवरून कॉलेजला जायच्या. आज त्याच रस्त्यावर सायकल शोधावी लागते.

"नको गं," ताई म्हणाली. "तू नीट चालवशील, पण बाकीचे?"

भाची हिरमुसली. शेवटी तोडगा काढला आजोबांनी. "खालच्या मजल्यावरच्या काकांना विचारू. ते हो म्हणाले तर जाईल, नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी बघू."

हे काका म्हणजे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. कितीतरी वर्षं त्यांनी वरंध घाटातून पुणे-महाड गाडी चालवली. पावसाळ्यातलं धुकं, दरडी, रात्रीच्या फेऱ्या, सगळं पाहिलेला माणूस. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी आठ दिवस तिच्याबरोबर सायकलवर जातो. मग सांगतो."

मला उत्सुकता वाटली. मीही माझी गंजलेली सायकल दुरुस्त करून घेतली आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

शंभरपैकी पन्नास

पहिल्या दिवशी निघण्यापूर्वी काकांनी विचारलं, "नियम येतात का?"

भाची शाळेच्या आर.एस.पी.मध्ये आहे. तिनं घडाघडा सगळं म्हणून दाखवलं. डाव्या बाजूनं चालवायचं, सिग्नल पाळायचा, वळताना हात दाखवायचा, झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे थांबायचं, डबलसीट जायचं नाही.

"छान," काका म्हणाले. "शंभरपैकी पन्नास."

"पन्नासच? काय चुकलं?"

"काहीच चुकलं नाही. हे पन्नास मार्क तुझ्या वागण्याचे. उरलेले पन्नास दुसऱ्याच्या चुकीचे. ते आपण रस्त्यावर शिकू."

त्याचा अर्थ आम्हाला तिसऱ्या दिवशी कळला.

दुसऱ्या चौकात आम्ही लाल दिव्याला थांबलो होतो. दिवा हिरवा झाला. भाचीनं पेडल मारलं, पण सायकल जागची हलेना. मागे वळून बघते तर काकांनी तिचं कॅरिअर एका हातानं घट्ट धरून ठेवलेलं!

"अहो काका, हिरवा..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवीकडून वाळूनं भरलेला एक डंपर सणसणत आमच्या समोरून गेला. त्याचा दिवा लाल होता. तो थांबलाच नाही. त्याच्या वाऱ्यानं माझी ओढणी उडाली.

आम्ही सायकली कडेला घेतल्या. भाचीचे हात थरथरत होते. काकांनी तिला पाण्याची बाटली दिली. थोड्या वेळानं तिला कंठ फुटला, तो रागानं.

"पण चूक त्याची होती ना? आपला दिवा हिरवा होता!"

"होती की. शंभर टक्के त्याचीच चूक," काका शांतपणे म्हणाले. "पण पोरी, चूक कोणाची हे सांगायला तू उरली पाहिजेस ना?"

मुलांनो, हा लेख मी लिहायला घेतला तो या एका वाक्यामुळे.

फलंदाजासारखं बघा

"तो थांबणार नाही हे तुम्हाला कसं कळलं?" भाचीनं संध्याकाळी विचारलं.

"मला कळलं नव्हतं. मी फक्त बघत होतो. थांबणारी गाडी लांबूनच हळू होते. जोरात ब्रेक लागला की तिचं नाक थोडं खाली झुकतं. याचं नाक झुकत नव्हतं. मग मी ठरवलं, हा जाईपर्यंत आपण हलायचं नाही."

क्रिकेट खेळणाऱ्यांना हे लगेच समजेल. चांगला फलंदाज चेंडू टप्पा पडेपर्यंत वाट बघत बसत नाही. गोलंदाज धावत येतो तेव्हापासून त्याचं मनगट, त्याची बोटं तो न्याहाळत असतो. चेंडू कुठे पडेल याचा अंदाज तो आधीच बांधतो. रस्त्यावरही तसंच. समोरचा काय करायला हवं ते पुस्तकात असतं. समोरचा काय करेल ते त्याच्याकडे बघून ओळखायचं असतं.

गाडी चालवण्याच्या या पद्धतीला जगभर 'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग' म्हणतात. आपण त्याला सावध वाहनचालन म्हणू. अमेरिकेत हॅरॉल्ड स्मिथ नावाच्या गृहस्थांनी १९५२ साली ड्रायव्हर लोकांना हे शिकवणारी संस्था काढली. त्यांची पाच सूत्रं प्रसिद्ध आहेत. आपल्या भाषेत ती अशी सांगता येतील:

१) नजर लांब ठेवा. पुढच्या चाकाकडे बघत चालवू नका.

२) आजूबाजूचं सगळं चित्र डोळ्यांत घ्या.

३) डोळे फिरते ठेवा. एकाच जागी खिळवू नका.

४) निसटायला एक वाट कायम मोकळी ठेवा.

५) तुम्ही दुसऱ्याला दिसताय याची खात्री करून घ्या.

काकांनी हॅरॉल्ड स्मिथचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण हे सगळं ते घाटात स्वतःच शिकले होते. ते म्हणाले, "प्रत्येक आंधळ्या वळणापलीकडून एक गाडी माझ्या बाजूनं येतेय असं धरूनच मी चालवायचो. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तिथे कोणी नसायचं. त्या एका वेळेसाठी मी शंभर वेळा हॉर्न वाजवला आणि शंभर वेळा वेग कमी केला."

थोडं गणित

सावध का राहायचं, हे गणितानं चटकन पटतं. आधी एक प्रयोग करा.

एक फूटपट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाला धरून उभी लटकवायला सांगा. तुमचा अंगठा आणि बोट शून्याच्या खुणेजवळ उघडं ठेवा, पट्टीला न लावता. मित्रानं न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडली? २० सेंटिमीटरच्या आसपास पकडली असेल तर तुम्हाला सुमारे ०.२ सेकंद लागले. तेही पट्टी पडणार हे आधीच माहीत असताना! रस्त्यावर कोणी अचानक आडवं येतं तेव्हा ते दिसणं, समजणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात सहज एक सेकंद जातो.

आता ताशी ३० किलोमीटर वेगानं जाणारी मोटार बघू. त्या एका सेकंदात ती सुमारे ८ मीटर पुढे जाते. मग ब्रेक लागतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ५ मीटर लागतात. एकूण १३ मीटर, म्हणजे कबड्डीच्या मैदानाची लांबी.

वेग दुप्पट केला, ताशी ६० किलोमीटर, तर अंतरही दुप्पट होईल असं वाटतं ना? तसं होत नाही. पहिल्या सेकंदात १७ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर २० मीटर. एकूण ३७ मीटर! वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. पाऊस पडत असेल तर त्याहूनही जास्त. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची. म्हणजे जवळजवळ दोन खेळपट्ट्या ओलांडल्यावर ती गाडी थांबणार. मधे तुम्ही असाल तर ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही.

आणखी एक हिशेब. दोन पदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो. चालत ओलांडायला आपल्याला सहा सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी सहा सेकंदांत १०० मीटर येते. शाळेच्या स्पर्धेतली शंभर मीटरची शर्यत आठवा. सुरुवातीच्या रेषेइतक्या लांब दिसणारी गाडी तुम्ही रस्ता ओलांडेपर्यंत तुमच्याजवळ पोचलेली असते. म्हणून 'अजून लांब आहे' असं म्हणून धावायचं नाही.

आणि मोबाइल? ताशी ४० किलोमीटर वेगात कोणी दोन सेकंद मोबाइलकडे बघितलं, तर तेवढ्यात तो २२ मीटर अंतर डोळे मिटल्यासारखा गेलेला असतो.

काकांच्या खुणा

उरलेल्या दिवसांत काकांनी आम्हाला रस्ता वाचायला शिकवलं. मी वहीत टिपून ठेवलेल्या त्यांच्या काही खुणा अशा:

● दिव्यापेक्षा चाकाकडे बघ. वळायचा दिवा लावून लोक सरळ जातात आणि न लावता वळतात. पण गाडी वळायच्या आधी पुढचं चाक वळतंच. चाक खोटं बोलत नाही.

● कडेला उभ्या मोटारीत कोणी बसलंय का बघ. बसलं असेल तर दार उघडू शकतं. दार उघडलं तरी लागणार नाही इतक्या अंतरावरून जा.

● थांब्यावर बस उभी असेल तर तिच्या पुढून माणूस धावत येणार असं धर. उभ्या गाडीखालून पाय दिसतात का तेही बघ.

● रस्त्यात चेंडू आला की त्याच्यामागे मूल येतंय असं समज. एक कुत्रा पळाला की दुसरा त्याच्यामागे येतोच.

● रिक्षासमोर कडेला कोणी हात केला, तर रिक्षा डावीकडे वळणार. हात करणारा माणूस आधी दिसतो, रिक्षाचा दिवा नंतर.

● एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघ. उलट्या बाजूनं येणाऱ्याला पाटी वाचता येत नाही, असंच समजायचं!

● पुढच्या वाहनाला चिकटून जाऊ नको. ते एखाद्या खांबाजवळून गेलं की मोज, 'एक हजार एक, एक हजार दोन'. तेवढं मोजून झाल्यावर तू खांबाजवळ आलीस तर अंतर बरोबर. पावसात चारपर्यंत मोज.

ही शेवटची युक्ती आई-बाबांच्या गाडीत बसल्यावरही करून बघा. 'दोन'च्या आधीच खांब आला तर त्यांना प्रेमानं सांगा.

मोठ्या गाडीचं आंधळेपण

सहाव्या दिवशी काकांनी एक गंमत दाखवली. सोसायटीच्या मागे ओल्या मातीत त्यांनी भाचीला सायकलनं गोल फेरी मारायला लावली. मग चाकांच्या खुणा दाखवल्या. एक खूण बाहेरच्या बाजूनं आणि दुसरी आतल्या बाजूनं!

"आतली कुठल्या चाकाची?"

"मागच्या," भाची म्हणाली.

"बरोबर. वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, आतून जातं. सायकलमध्ये हा फरक थोडाच असतो. ट्रक आणि बस केवढी लांब! तिथे फरक मोठा पडतो. ट्रक डावीकडे वळायला लागला की आधी तो थोडा उजवीकडे जातो. आपल्याला वाटतं, वा, डावीकडे जागा झाली, घुसू या. पण थोड्याच वेळात त्याचं मागचं चाक त्याच जागेवरून जाणार असतं."

म्हणून चौकात ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या बाजूला कधीही थांबू नका. मागे थांबा. ड्रायव्हरला अगदी समोरचं, अगदी मागचं आणि डाव्या कुशीतलं दिसत नाही. काकांची कसोटी सोपी आहे. "त्याच्या आरशात तुला त्याचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस."

संध्याकाळी आणि पावसात तर आपण आणखीनच दिसेनासे होतो. सायकलला पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा हवा. दप्तरावर चमकणारी पट्टी लावा. रेनकोट काळा किंवा करडा घेण्याऐवजी पिवळा घ्या. डोक्यावर सायकलचं हेल्मेट असू द्या. ज्या रस्त्याला फुटपाथ नाही तिथे चालताना उजव्या कडेनं चाला. म्हणजे जवळून जाणारी वाहनं समोरून येतील, पाठीमागून येऊन दचकवणार नाहीत.

स्वीडनमधली सकाळ

सावध राहिल्यानं खरंच फरक पडतो का? एका संपूर्ण देशानं याचा अनुभव घेतला आहे.

स्वीडनमध्ये पूर्वी आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालायची. शेजारचे देश उजवीकडून चालायचे. म्हणून स्वीडननं ठरवलं की आपणही बाजू बदलायची. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सगळ्या देशानं एकदम रस्त्याची बाजू बदलली! आता अपघातांचा पाऊस पडणार अशी भीती लोकांना होती.

झालं उलटंच. सुरुवातीच्या काळात अपघात कमी झाले. कारण प्रत्येक जण जपून चालवत होता. 'समोरचा गोंधळेल, चुकेल' असं धरून प्रत्येक जण हळू जात होता आणि दुसऱ्याला वाट देत होता. पुढे सवय झाली, धास्ती गेली आणि दोनेक वर्षांत अपघातांचं प्रमाण पुन्हा पूर्वीसारखं झालं.

रस्ते तेच, गाड्या त्याच, माणसंही तीच. लक्ष मात्र काही काळ जास्त होतं.

आपल्याकडे या लक्षाची किती गरज आहे ते एका आकड्यावरून कळेल. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मृत्युमुखी पडली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्या लोकांचा होता आणि त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा. अतिवेग हे सर्वांत मोठं कारण होतं. अनेकांची स्वतःची काहीच चूक नसते. सावध राहून प्रत्येक अपघात टळेल असंही नाही. म्हणून रस्ते नीट बांधणं आणि बेफाम चालवणाऱ्याला शिक्षा होणं हे व्हायलाच हवं. पण ते होईपर्यंत आपल्याला रोज शाळेत जायचं आहे.

राग आला तर

सातव्या दिवशी दोन मुलं एका स्कूटरवरून मोठ्यानं हॉर्न वाजवत आली. भाचीला जवळजवळ घासून गेली आणि वर हसली. भाचीचं डोकं फिरलं. ती जोरात पेडल मारत त्यांच्या मागे निघाली.

काकांनी हाक मारली. "थांब! कुठे निघालीस?"

"त्यांना चांगलं सुनावते!"

"आणि मग?"

ती गप्प झाली.

"घाटात मला असे रोज भेटायचे," काका म्हणाले. "वळणावर ओव्हरटेक करणारे, दिवे डोळ्यांवर मारणारे. घाटाचा नियम आहे, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. मी भरलेली गाडी घेऊन चढत असायचो आणि वरून येणारा थांबायचाच नाही. मग मी थांबायचो. माझ्या मागे पन्नास माणसं बसलेली असायची. माझा हक्क मोठा की ती माणसं? बेफाम माणसाला पुढे जाऊ द्यावं. तो आपल्या मागे असण्यापेक्षा पुढे दिसत असलेला बरा."

रागावलेला माणूसही काही क्षण आंधळाच असतो. त्याला ज्याचा राग आला तेवढंच दिसतं. काकांचा उपाय म्हणजे एक मोठा श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, 'जाऊ दे त्याला!' गाडीचा नंबर लक्षात राहिला तर घरी सांगायचा. पाठलाग करायचा नाही.

आई-बाबा, हे तुमच्यासाठी

मुलं ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात. 'सिग्नलवर पोलीस नाहीत, चला' असं मागे बसलेल्या मुलासमोर म्हणणं म्हणजे त्याला तोच धडा देणं.

कायदाही पालकांना जबाबदार धरतो. अठरा वर्षांखालील मुलाला मोटार किंवा नेहमीची स्कूटर-मोटारसायकल चालवता येत नाही. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना मिळतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. 'कोपऱ्यावरच तर जायचंय' म्हणून किल्ली देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुचाकीवर मागे बसणाऱ्या चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट सक्तीचं आहे. मोटारीत मागच्या सीटवरही पट्टा लावा. आणि गाडी उभी करून उतरताना उजवीकडचं दार डाव्या हातानं उघडायची सवय लावून घ्या. डावा हात तिकडे नेताना अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. एवढ्याशा सवयीनं कोणाच्या तरी मुलीचा जीव वाचू शकतो.

आणि समोर अपघात झालाच तर? मुलांनी रस्त्यात धावायचं नाही. जवळच्या मोठ्या माणसाला बोलवायचं आणि १०८ किंवा ११२ हा नंबर फिरवायचा. महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका मोफत येते. मोठ्यांनीही जखमीला मदत करताना पोलिसांच्या चौकशीला घाबरू नये. निःस्वार्थ मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. स्वतःचं नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

आठव्या दिवसाचा निकाल

आठव्या दिवशी काका मागे राहिले आणि भाचीला पुढे जायला सांगितलं. शाळेच्या फाटकापाशी त्यांनी सायकल लावली. ताई तिथे आधीच येऊन थांबली होती.

"काय मग? किती मार्क?" तिनं विचारलं.

"भाजी मंडईजवळ टेम्पो मागे येत होता. ड्रायव्हर बघत नव्हता. ही आधीच थांबली. चौकात हिरवा दिवा लागल्यावर दोन्हीकडे बघून निघाली. बसच्या डावीकडे घुसली नाही." काका हसले. "मार्क देणारा मी कोण? रोज संध्याकाळी घरी आली की पास!"

भाची आता एकटी जाते. ताई अजूनही साडेबाराला गॅलरीत येऊन उभी राहते, ते काही थांबलेलं नाही. परवा घरी आल्यावर बूट काढता काढता भाची म्हणाली, "आई, आज एक जीप उलट्या बाजूनं आली."

ताईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "मग?"

"मग काय? मी थांबले. तो गेला. भूक लागलीय, वाढ ना!"

करून बघा

या रविवारी आई किंवा बाबांबरोबर घराजवळच्या चौकात सुरक्षित जागी, फुटपाथवर दहा मिनिटं उभे राहा. वहीत चार रकाने आखा: दिवा न दाखवता वळलेले, लाल दिवा तोडलेले, मोबाइलवर बोलणारे, उलट्या बाजूनं आलेले. प्रत्येकासाठी एक रेघ मारा. मग आणखी दहा मिनिटं थांबा. या वेळी गाडी वळायच्या आधीच 'ही वळणार' किंवा 'ही सरळ जाणार' असं ओळखायचा प्रयत्न करा. दहापैकी किती ओळखता आल्या ते लिहून ठेवा. महिनाभरानं हाच खेळ पुन्हा खेळा. आकडा वाढलेला दिसेल. आई-बाबांनाही खेळायला लावा. बघू या, घरात कोणाची नजर जास्त तयार आहे ते!